शालनची जीभ

तासगावच्या एस.टी. स्टँडमागं शालन खोतची खानावळ होती, आणि तिथं लोक दोनच गोष्टींना भ्यायचे. एक तिथला तिखटजाळ रस्सा आणि दुसरी शालनची जीभ. रस्सा निदान पाणी प्यालं की उतरायचा.

जीभ तरी कसली! आमटीचा एक थेंब तळहातावर टाकायचा, चाटायचा, आणि आमटीची अख्खी कुंडली मांडायची. 'हे पाणी बोरचं हाय, नळाचं न्हाई.' 'डाळ गेल्या सालची दिसतीया.' एकदा एका मसालेवाल्यानं नवा मसाला चाखायला दिला, तर डोळे मिटून म्हणाली, "धने बार्शीचे, लवंगा केरळच्या, आन् कांडताना तुमची मंडळी माहेराला जायाचं म्हणून रुसली हुती." मसालेवाला घरी जाऊन बघतो तर बायको पिशवी भरून बसलेली! यातलं किती खरं ते तासगावकरांना विचारू नका. ते आणखी दोन पिशव्या वाढवून सांगतील.

तिचा नवरा संपत एस.टी.त ड्रायव्हर होता. बोलणं कमी, ऐकणं जास्त. त्या घरात दुसरा इलाजही नव्हता. पण ड्यूटीला निघताना उंबऱ्यावर तो थांबायचा, हात पुढं करायचा, आणि शालन त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची. भांडण झालेलं असो, बोलणं बंद असो, दही-साखर चुकली नाही. आणि तीस वर्षांत संपतच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही.

कुंभार्ली घाटातली गोष्ट तर तो स्वतः सांगायचा, आणि तो बोलायचा म्हणजे तेवढंच. ऐन उतारावर ब्रेक गेला. डावीकडं दरी, समोर ट्रक, पाठीमागं सबंध वऱ्हाड. भीतीनं हातांना असा घाम फुटला की स्टिअरिंग निसटायलाच हवं होतं. पण तळहातावर सकाळच्या दही-साखरेचा चिकटा होता. हात चाकाला असे चिकटले की गाडी थेट खाली चिपळूणच्या रस्त्याला लागल्यावरच सुटले. वऱ्हाडाला वाटलं, ड्रायव्हर कसबी आहे. संपतला ठाऊक होतं, कोण कसबी आहे ते.

पुढं एस.टी.च्या गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या. ना ड्रायव्हर, ना कंडक्टर. समोर काचेमागं दोन डोळे आणि छतातून एका बाईचा गोड आवाज. संपत घरी बसला. त्याला एवढंच कळेना, "ह्या गाडीला निघताना दही-साखर कोण देतं?"

शालन रोज सकाळी मिश्री लावायची. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड बोटावर घेऊन दात घासत परसात बसली की तिचं जग अर्धा तास थांबायचं. सगळ्या गावाच्या आमटीतली खोट काढणाऱ्या त्या जिभेच्या कडेला एक दिवस तूरडाळीएवढा फोड आला. तिनं हळद लावली, तूप लावलं, फोडाला शिव्या दिल्या. फोड काही ऐकेना. शेवटी मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांकडं जायचं ठरलं.

त्या दिवशी उंबऱ्यावर गंमतच झाली. सवयीनं संपत थांबला, आणि शालनही थांबली. आज कामाला निघालेली ती होती, तो नुसता सोबत.

"थांब जरा," म्हणून संपत आत गेला. फडताळातली वाटी शोधायला त्याला बराच वेळ लागला. बाहेर येऊन त्यानं तिच्या हातावर दही-साखर ठेवली. अर्धं दही खाली सांडलं.

"चमचाबी धरता येत न्हाई," शालन म्हणाली. पण तिनं ते चाटलं, आणि डोळ्याला पदर लावला. खापर मात्र धुळीवर फोडलं.

*

डॉक्टर होती ऋतुजा हंचनाळे, मूळची निपाणीची. चाळिशीच्या आतली, केसांत पेन खोचून ते हॉस्पिटलभर शोधणारी. तिनं तपासण्या केल्या, गाठ कॅन्सरची आहे असं स्वच्छ सांगितलं, आणि मग खुर्ची संपतच्या जवळ ओढली.

"काका, तुम्ही ड्रायव्हर ना? मग तुम्हाला माझ्या विद्यार्थ्यांच्या आधी कळेल. शरीराच्या प्रत्येक पेशीत एक ॲक्सिलरेटर आणि एक ब्रेक असतो. वाढ, असा निरोप आला की ॲक्सिलरेटर दबतो, एका पेशीच्या दोन होतात. आत डीएनएचा धागा असतो, त्यात सगळा कारभार लिहिलेला. तो कुठं तुटला की ब्रेक लागतो. पेशी थांबते, धागा सांधते, मगच पुढं जाते. फारच तुटला असेल तर आपणहून मरते."

"शिस्तीची दिसतीया," संपत म्हणाला.

"असतेच. पण मिश्रीनं इतकी वर्षं त्या धाग्यावर ओरखडे काढले. शेवटी ॲक्सिलरेटर दाबलेला तसाच अडकला आणि ब्रेकची तार तुटली."

"उतारावर?"

"उतारावर."

संपतनं कपाळ पुसलं. ही गाडी त्याच्या ओळखीची होती.

"आता किरणं द्यायची. किरणं धागा तोडतात. गाठीतल्या पेशीला ब्रेक नाही, त्यामुळं ती तुटक्या धाग्यानिशी तशीच धावते आणि दोन होताना कोसळते. पण किरणांना आपलं-परकं कळत नाही, काकू. तोंडाचं अस्तर सारखं नवं होत असतं. तिथल्या चांगल्या पेशीही घाईतच असतात. त्यांचेही धागे तुटतात. त्या मरताना बोंब ठोकतात, सूज गोळा होते, तोंड आतून सोलून निघतं. ते भरून येतं एक वेळ. पण लाळेच्या ग्रंथी भाजल्या की त्यांच्या जागी चिवट, दोरखंडासारखा वण भरतो. लाळ आटते. चव जाते."

"किती दिवस?" शालननं विचारलं.

डॉक्टरनं खुर्ची तिच्याकडं वळवली. "पुष्कळांची कायमची."

"मग नगंच ते," शालन उठलीच. "चव न्हाई तर मी चुलीपुढं बसून माश्या हाकू?"

"बसा काकू. इथं आलात ते बरं झालं. आपल्याकडं अंगाई आहे."

अंगाई हे एका जेलचं नाव होतं. कागदावरचं खरं नाव भलतंच लांबलचक, ते घेताना डॉक्टरांच्याच जिभेला गाठ पडायची. सकाळी उठल्यावर हे जेल तोंडात आतून चोळायचं. ते मुरत मुरत लाळेच्या ग्रंथींपर्यंत जायचं आणि पेशींना एक खोटी बातमी द्यायचं: दुष्काळ पडलाय, कामं थांबवा, दारं लावा, झोपा. चांगली पेशी ऐकणारी, ती झोपायची. झोपलेल्या पेशीचा धागा किरणांनी तुटला तरी घाई नसते, निवांत सांधता येतो. गाठीतल्या पेशीनं मात्र कानच कापून ठेवलेले. ती धावत राहायची आणि बरोबर किरणांच्या तावडीत सापडायची.

"म्हंजे पेशीला थापा मारायच्या," शालन परत बसली. "जमंल मला."

"फक्त एक पथ्य. पेशी गोडाला फार लोचट. जेल लावल्यापासून मशीनखालून बाहेर येईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. साखरेचा कण जरी लागला तरी ती म्हणते, कुठाय दुष्काळ? आणि उठून कामाला लागते. चहा नाही, दूध नाही, बिस्कीट नाही. आणि उपास म्हटल्यावर साबुदाण्याची खिचडी नाही."

"आवं डॉक्टरीणबाई, मी खानावळवाली. कडकडीत उपास कसा असतो ते मला सांगू नगा."

अंगाई अजून नवी होती. जपानात, ब्राझीलमध्ये तिचा गुण आला होता. आपल्याकडं ती पहिल्यांदा इथंच द्यायला घेतली होती, आणि ती आणण्यासाठी ऋतुजा हंचनाळेनं तीन वर्षं लोकांची डोकी खाल्ली होती.

*

मग रोजचं जाणं-येणं सुरू झालं. तासगाव ते मिरज, बिनड्रायव्हरची गाडी. संपत सगळ्यात पुढच्या बाकावर बसायचा आणि प्रत्येक वळणाला उजवा पाय जमिनीत रुतवायचा. मिरज येईपर्यंत त्याची पोटरी भरून यायची.

"गाडी तुमी न्हाई चालवत," शालन म्हणायची.

"कुणीतरी ब्रेकवर असाय नगं?"

मशीनवर इकबाल मुजावर होता. शालनच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवता बसवता तो म्हणायचा, "काकू, आज अगदी राणीसाहेब दिसताय." मुखवट्याआतून उत्तर यायचं, "तुझी आज्जी दिसत आसंल." पहिले दोन आठवडे हॉस्पिटलला करमणूक होती.

तिसऱ्या आठवड्यात मुखवट्याआतून उत्तर येईनासं झालं.

शालनचं तोंड आतून सोलून निघालं. ओठ सुजले, लाळ चिकट झाली, पाण्याचा घोटसुद्धा काचा गिळल्यासारखा. खानावळीत संपत स्वतः डाव घेऊन उभा राहिला. तो आमटीचा थेंब तिच्या तळहातावर टाकायचा. ती जिभेचं टोक लावायची आणि मान हलवायची. एकदाच म्हणाली, "माती." त्यानंतर तेही म्हणाली नाही.

डेपोतले मेकॅनिक संपतच्या हातचं देवाचं नाव घेऊन जेवायचे. कुणी तक्रार करत नव्हतं, आणि संपतला तेच खुपत होतं. ज्या घरात तीस वर्षं त्याच्या चालण्याला, घोरण्याला, चहा ओतण्याला नावं ठेवली गेली, त्या घरात आता भिंतीवरची पाल चुकचुकली तरी मोठ्यानं ऐकू यायची. शिव्या खायची एवढी भूक माणसाला लागते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

हॉस्पिटलात लिंगाप्पा नावाचा एक म्हातारा यायचा. त्यालाही हाच आजार, हेच जेल, हीच किरणं. त्याला ना बायको, ना पोर; घराला कुलूप लावायचा आणि यायचा. किरणं घेऊन झाली की बाकावर बसून कुडुमकुडुम भडंग खायचा. त्याचं तोंड आतून तान्ह्या पोरासारखं गुलाबी! शालन त्या कुडुमकुडुमकडं डोळे लावून बसायची.

"ह्या थेरड्याला बरं खाता येतंय," संपत डॉक्टरला म्हणाला. "आन् हिला पाणी जाईना. ह्येचं काय?"

ऋतुजानं त्याला आत नेऊन पडदा दाखवला. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं घेतलेल्या पेशी. झोपलेल्या निळ्या दिसायच्या, जाग्या नारिंगी. लिंगाप्पाच्या सगळ्या निळ्याशार. शालनच्या भर दुपारच्या उन्हासारख्या नारिंगी.

"काकूंच्या पेशी झोपतच नाहीयेत, काका. कुणीतरी त्यांना उठवतंय. आणि एकट्या काकूंच्या नाही. आपल्याकडच्या निम्म्या लोकांच्या. जेल तेच, मशीन तेच." तिनं डोळे चोळले. "सगळ्यात विचित्र काय सांगू? ज्यांना कुणी नाही ती माणसं बरी आहेत. एकटी राहणारी, लॉजवर उतरलेली. ज्यांचं घर भरलेलं, सोबत बायको, सुना, बहिणी, त्यांची तोंडं सोललेली. मला सांगा, माया काय विषारी असते?"

तिनं पडद्यावरची चित्रं मालवली.

"सोमवारी पुण्याला अंगाईला परवानगी देणारी समिती बसतेय. इथली अंगाई बंद करायची म्हणतायत."

"आन् किरणं?"

"किरणं थांबवता येत नाहीत. थांबवली तर गाठ परत उसळेल. अजून निम्मी राहिलीत. ती अंगाईशिवाय द्यावी लागतील." निम्म्यातच ही गत, मग उरलेल्या निम्म्यात जीभ कुठली राहते, हे संपतला कळलं.

*

रविवारी किरणांना सुट्टी असायची. त्या रविवारी सकाळी ऋतुजाची गाडी खानावळीच्या दारात उभी राहिली. पुण्याला जायच्या वाटेवर ती एकेका रोग्याच्या घरी डोकावत निघाली होती, आणि तासगाव शेवटचं. तिनं फ्रीजमध्ये हात घालून जेलच्या नळ्या बघितल्या, थंड होत्या. दात घासायची पावडर बोटावर घेऊन चाटली, गोड नव्हती. जेल कसं लावता ते शालनला करून दाखवायला लावलं, बिनचूक होतं.

"जेल लावल्यावर काही खाता?"

शालननं मान हलवली.

"काही पिता?"

संपत म्हणाला, "पाणी. तेबी घोटभर. देवाशप्पथ."

माणूस खोटं बोलत नव्हता, हे तर दिसतच होतं. ऋतुजानं केसांतलं पेन काढलं, परत खोचलं. "मग माझं डोकं संपलं, काका. जाते पुण्याला. भांडते. जमलं तर जमलं."

ती उंबऱ्याकडं वळली, आणि संपत म्हणाला, "थांब पोरी. एवढ्या मोठ्या कामाला निघालीस."

तो आत गेला. आता त्याला वाटी शोधायला वेळ लागत नव्हता. बाहेर येऊन त्यानं तिच्या पुढं केलेल्या तळहातावर दही-साखर ठेवली. थेंबही सांडला नाही, चांगला सराव झाला होता.

ऋतुजानं विचार न करता हात तोंडाला लावला. दहावीच्या परीक्षेपासून प्रत्येक पेपरला तिच्या आईनं हेच दिलं होतं. साखर दाताखाली करकरली. चपलेत एक पाय गेला, दुसरा तसाच हवेत राहिला.

"काका," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "काकूंना पण हे...?"

"रोज!" संपतनं अभिमानानं सांगितलं. "जेल लावलं, पाणी प्याली, की निघताना ह्ये. एक दिस चुकवला न्हाई."

"मी विचारलं होतं, काही खाता का म्हणून!"

"आता ह्ये काय खाणं हाय व्हय? ह्यो शकुन."

ऋतुजा उंबऱ्यावर मटकन बसली. आधी तिला हसू आलं. मग हसता हसता तिनं तोंडावर हात घेतला. "मीच गाढव. सगळ्या प्रश्नांत चहा विचारला, दूध विचारलं, खिचडीसुद्धा विचारली. हे विचारलं नाही. हे खाणं असतं असं माझ्याच मनात आलं नाही. रोज घरून निघताना मी स्वतः... अहो काका, लिंगाप्पाच्या हातावर कोण ठेवणार? लॉजवरच्या माणसाला कोण देणार?"

तिनं तिथंच बसून फोन लावायला सुरुवात केली. एका घरात बहीण निघताना गुळाचा खडा देत होती. एकीची सून गणपतीपुढची खडीसाखर. एका घरी तर सासू, बायको आणि मुलगी तिघी तीन वेळा साखर ठेवत होत्या. त्या बिचाऱ्याला सगळ्यात जास्त फोड आले होते. खाल्लं का म्हणून विचारलं की सगळे शपथेवर म्हणत होते, पाण्याशिवाय काही नाही.

हे सगळं ऐकत संपत दाराला टेकून उभा होता. हातात वाटी तशीच.

"म्हंजे मी," तो म्हणाला. "म्हंजे मीच हिला भाजली."

"काका, तसं नाही. चूक माझी आहे."

"रोज माझ्या हातानं."

त्याच्या डोळ्यांपुढं गेले कित्येक दिवस आले. दही चाटताना शालनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. त्याला वाटायचं, तिला भरून येतंय. ऋतुजालाही तेच सुचलं असावं. तिनं शालनकडं बघितलं. "काकू, तोंड असं सोललेलं. दही झोंबत नव्हतं?"

इतके दिवस गप्प असलेल्या शालननं तोंड उघडलं. शब्द चिरत बाहेर आले. "आगीगत."

"मग घेत का होतात?"

शालननं संपतकडं बोट केलं. "तीस वर्सं मी ठेवलं. ह्येनी एकदाबी हात मागं न्हाई घेतला. मी कशी घिऊ?" मग नवऱ्याकडं वळून तिनं उरलेला जीव एकवटला. "आन् तुमी रडू नगा. वाटी सांडंल."

*

सोमवारी सकाळी जेल लावून, पाणी पिऊन शालन उंबऱ्यावर आली. संपत तिथं आधीच उभा होता. रात्री त्यानं मनाशी पक्कं केलं होतं, द्यायचं नाही. पण तिला कोरड्या हातानं घराबाहेर धाडायची म्हणजे ब्रेक तपासल्याशिवाय गाडी घाटात घालायची! ऋतुजा जाताना म्हणाली होती, "शकुन करू नका असं मी म्हणत नाही, काका. फक्त तोंडात नको." तोंडात नाही, मग ठेवायचा कुठं?

त्यानं वाटी झाकली, पिशवीत घातली, आणि दोघं स्टँडवर गेली. गाडी लागलेलीच होती. संपत पुढं गेला, वाटीत बोट बुडवलं, आणि गाडीच्या काचेला मधोमध दही-साखरेचा टिळा लावला.

गाडी सुरू होईना. छतातली बाई गोड आवाजात म्हणाली, "समोरचे दिसत नाही. कृपया काच पुसावी."

"ओ काका!" मागून आरडाओरडा झाला. "गाडीला दही चारताय व्हय?"

"मग? इतकी वर्सं उपाशी चाललीया ती," संपत म्हणाला.

एका पोरीनं रुमालानं काच पुसली, आणि संपतनं टिळा कोपऱ्यात सरकवला. गाडी निघाली. शालन खिडकीकडं तोंड करून बसली होती, पण तिचे खांदे हलत होते. हसल्यावर तोंड चिरायचं म्हणून ती दोन्ही हातांनी गाल धरून हसत होती. त्या दिवसापासून त्या गाडीच्या कोपऱ्यात रोज टिळा लागायचा, आणि डेपोतले लोक सांगतात, त्या गाडीखालीही अजून कोंबडी आलेली नाही.

पुण्याहून ऋतुजाचा फोन आला. "काका, अर्धी समिती हसायला लागली. म्हणाले, बाई, सगळं खापर दह्यावर फोडताय की काय! मग अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, 'मी आज निघताना सौभाग्यवतींनी हातावर काय ठेवलं ते मला आठवतंय.' मग कुणीच हसेना. एकेक जण आठवायला लागला. महिन्याची मुदत दिलीय त्यांनी."

महिना लागलाच नाही. आठवड्याभरात शालनच्या गालातल्या पेशी पडद्यावर आल्या: कडेला अजून थोड्या नारिंगी, बाकी निळ्या. पुढच्या आठवड्यात सगळ्या शाईसारख्या निळ्या. गाठीतल्या पेशी मात्र पहिल्यापासून झोपल्याच नव्हत्या. त्यांना दुष्काळ कळला नाही, दही कळलं नाही आणि किरणं चुकवता आली नाहीत. गाठ विरघळत गेली.

हॉस्पिटलच्या दारावर ठळक पाटी लागली, 'शकुन परतताना.' आता मशीनच्या खोलीबाहेर बायका वाट्या घेऊन रांगेनं उभ्या राहायच्या. रोगी बाहेर आला रे आला की कुणी साखर, कुणी गूळ, कुणी पेढा. बाकावरच्या लिंगाप्पालाही आता चार वाट्यांतून मिळायचं. इकबाल तेवढा वैतागला होता. "डॉक्टर, कॅन्सर तुम्ही बघा. मशीनला मुंग्या लागल्यात, त्यांचं काय करू?"

शालनची किरणं संपली. तोंड भरून आलं, पाणी सुखानं जायला लागलं, आवाज परतला. पण चव येईना.

"वाट बघायची," ऋतुजा म्हणाली. "लाळ आहे, ग्रंथी शाबूत आहेत. पण सुरुवातीच्या आठवड्यांत जे जळलं ते नव्यानं उगवायला वेळ लागतो. येईल. मी छातीठोक सांगते."

संपत रोज आमटीचा थेंब तळहातावर टाकायचा. शालन चाटायची, त्याच्या तोंडाकडं बघायची आणि म्हणायची, "बरी झालीया."

या 'बरी झालीया'ला तो मनातून घाबरायचा. आमटी बरी झाली नव्हती. डेपोतल्या मेकॅनिकांची तोंडं सांगत होती. शालन खोत जेवणाला बरं म्हणते म्हणजे शालन खोत अजून घरी आलेली नाही.

असे बरेच दिवस गेले. मग शेवटच्या तपासणीचा दिवस आला. आता जेल नव्हतं, किरणं नव्हती, पथ्यही नव्हतं. शालन लुगडं नीट करून उंबऱ्यावर आली आणि थांबली. संपतही थांबला.

"काय बघताय?" ती म्हणाली. "आज दिलं तर चालतंय न्हवं?"

संपत आत गेला. वाटी घेऊन बाहेर आला. त्यानं तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. पहिल्या दिवसासारखंच थोडं दही खाली सांडलं. शालननं हात तोंडाला लावला.

आणि तिचं तोंड वाकडं झालं. एक डोळा आपसूक मिटला.

"काय झालं?" संपत पुढं धावला. "झोंबलं?"

"आंबटढाण हाय!"

संपतनं कान पुढं केला. "काय म्हणालीस?"

"कानबी गेलं व्हय? आंबट! दात सळसळलं माझं. इरजण कुणी लावलं हुतं?"

"मी."

"तरीच. ताकाचा गडू उपडा केला आसंल त्यात. दूधबी करपलेलं हाय, खालनं लागलंया. आन् साखर काय शेजारणीकडनं उसनी आणलीया, एवढीशी?" तिनं तळहात पुन्हा पुढं केला. "घाला अजून."

त्यानं घातली. तिनं चाटली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

स्टँडवर गाडी उभी होती. संपतनं कोपऱ्यात टिळा लावला आणि पुढच्या बाकावर बसला. शालननं दह्यापासून सुरुवात केली. मग गेल्या काही महिन्यांच्या आमट्या घेतल्या, एकेक करून. कवठे एकंद आलं तेव्हा ती फोडणीवर होती, सांगलीत भाकरीच्या कडांवर. मिरजेच्या शेवटच्या वळणावर गाडी चांगली कलंडली, पण संपतचा पाय ब्रेक शोधायला गेला नाही. तो ऐकत होता.